गोडोत टाइलमॅपवर आरसा-ब्रश: कंट्रोल-झेड मारला की डावी बाजू जाते, उजवी तशीच राहते

ताणाबाणा (सोलापूर)

सोलापुरी चादरीच्या नक्षीवर आधारलेला छोटा कोडे-गेम बनवायलोय. गोडो ४.४ (गेम बनवायचं इंजिन), टाइलमॅप लेअर (घराघरांत टाइल, म्हणजे छोटी चित्रं, भरायचा थर), टाइल १६ बाय १६ पिक्सेल. पूर्ण नक्षी १२८ बाय १२८ घरांची, पण ती दोन्ही दिशांनी आरशासारखी. म्हणजे खरं काम ६४ बाय ६४ च्या एका कोपऱ्याचंच, उरलेले तीन कोपरे त्याची उलटी-सुलटी प्रत. गोडोच्या टाइलमॅप एडिटरमध्ये पेन्सिल, रेष, चौकोन, बादली, विखुरणी सगळं आहे, आरसा तेवढा नाही. म्हणून जीडीस्क्रिप्टमध्ये (गोडोची स्वतःची भाषा) एडिटर प्लगइन लिहिलंय. इथे फंक्शनांची नावं नागरीतच लिहितो, मोबाइलवर दर ओळीला कीबोर्ड बदलायला नको.

प्लगइनच्या हँडल्स मध्ये टाइलमॅप लेअर आला की ट्रू देतो. फॉरवर्ड_कॅनव्हास_जीयूआय_इनपुट मध्ये माउस पकडून आरशातल्या समोरच्या घरात सेट_सेल करतो, म्हणजे टाइल बसवतो. चालतंय, पण असं व्हायलंय:

कंट्रोल-झेड मारला की मी रंगवलेली डावी बाजू मागे जाते, आरशातली उजवी तशीच राहते. माउस जोरात ओढला की उजवीकडे मधली घरं सुटतात, डावीकडे सुटत नाहीत. नक्षीच्या मधोमध सारखे दोन स्तंभ शेजारी-शेजारी येतात, बुट्टीच्या (नक्षीतल्या आकृतीच्या) पोटात जाड पट्टा दिसतो. तिरकी टाइल समोर उलटत नाही. उलटवायला पर्यायी टाइलच्या क्रमांकात (टाइल उलटी की सुलटी हे त्यात असतं) ४०९६ मिळवून बघितलं, तर काही टाइल चक्क डोक्यावर उभ्या राहिल्या. आणि अक्षाची रेघ ओव्हरलेवर (एडिटरच्या चित्रावरचा वरचा थर) काढलीय, ती झूम केलं की नक्षी सोडून भलतीकडेच जाते.

एक-एक गोष्ट दुरुस्त करत बसू, की मुळातच रचना चुकलीय? आणि हे नीट झालं तर इंजिनातच घालायला देता येईल का?

शेंगा_चटणी

रचना चुकलीय. पहिली आणि दुसरी तक्रार एकाच कारणाची आहे.

कॅनव्हासवरचा इनपुट गोडो चालू असलेल्या सगळ्या एडिटर प्लगइनना पाठवतो. तुम्ही ट्रू परत दिलंत तर २डी एडिटरचं स्वतःचं काम थांबतं, म्हणजे नोड निवडणं, हलवणं वगैरे. दुसऱ्या प्लगइनला मात्र तो इनपुट मिळतोच. आणि गोडोचा टाइलमॅप एडिटर हाही आतून एक प्लगइनच आहे. म्हणजे डावी बाजू तुमचा कोड रंगवतच नाही, मूळ एडिटर रंगवतो आणि तिचं अनडूही तोच नोंदवतो. उजवी बाजू तुम्ही थेट सेट_सेल करता, तिची नोंद कुठेच नाही. कंट्रोल-झेडला तिचा पत्ताच नाही, तर ती जाणार कशी? डावीकडे घरं सुटत नाहीत याचंही कारण हेच: मूळ एडिटर दोन माउस-इव्हेंटांमधली घरं रेषेने भरून घेतो, तुम्ही घेत नाही.

म्हणून टाइलमॅप लेअर हँडल करूच नका. 'आरसा' नावाचा वेगळा नोड२डी बनवा, त्यात कोणता लेअर रंगवायचा ते एक्सपोर्ट करा (म्हणजे इन्स्पेक्टरमधून बदलता येईल), आणि हँडल्स मध्ये फक्त तोच नोड घ्या. तो निवडलेला असताना मूळ टाइलमॅप एडिटर बाजूला होतो, मग दोघांची भांडणं नाहीत.

आता एक फटकारा म्हणजे एक अनडू, हे असं करायचं. डावं बटण दाबलं की रिकामा शब्दकोश (कोडमधली डिक्शनरी) घ्या. ज्या-ज्या घराला हात लावणार, त्याची जुनी अवस्था (सोर्स क्रमांक, ॲटलासमधली म्हणजे टाइलांच्या एकत्र चित्रातली जागा, पर्यायी क्रमांक) त्यात टाका. पण ते घर आधीच शब्दकोशात असेल तर पुन्हा टाकू नका, नाहीतर 'जुनी' म्हणून मघाशी तुम्हीच रंगवलेली टाइल नोंदली जाईल. मग सेट_सेल. माउस हलला की मागच्या घरापासून आताच्या घरापर्यंत ब्रेझनहॅम रेषेवरची (घरांच्या जाळीवर सरळ रेष काढायची रीत) सगळी घरं घ्या, कारण माउस जोरात फिरला की इव्हेंट घरटी एक येत नाहीत. बटण सुटलं की गेट_अनडू_रीडू वर क्रिएट_ॲक्शन, शब्दकोशातल्या प्रत्येक घरासाठी ॲड_डू_मेथड मध्ये आताची टाइल आणि ॲड_अनडू_मेथड मध्ये जुनी, आणि शेवटी कमिट_ॲक्शन ला फॉल्स. फॉल्स कारण रंगकाम आधीच झालेलं आहे, पुन्हा चालवायची गरज नाही. घर आधी रिकामं होतं तर सोर्स क्रमांक उणे १ मिळतो, आणि उणे १ ने सेट_सेल केलं की घर पुसलं जातं. म्हणजे रिकाम्या घरासाठी वेगळी अट लागत नाही.

दर घराला वेगळी ॲक्शन करून मर्ज_एंड्स लावायचा मोह होईल, ते करू नका. ते पहिल्याचं अनडू आणि शेवटच्याचं डू तेवढं ठेवतं. स्लायडर ओढताना ते बरोबर असतं. इथे प्रत्येक ॲक्शनमधलं घर निराळं, त्यामुळे मधली सगळी घरं गायब. मर्ज_ऑल घरं टिकवतं, पण एकाच नावाच्या ॲक्शन ८०० मिलिसेकंदांच्या आत आल्या तर जोडतं. भराभर दोन फटकारे मारले की दोन्ही एकाच कंट्रोल-झेडला जाणार.

अजून एक. गोडो ४ मध्ये प्रत्येक सीनचा अनडू-इतिहास वेगळा असतो, शिवाय एक जागतिक. ॲक्शन कोणत्या इतिहासात जाणार हे तिच्यातल्या पहिल्या ऑपरेशनच्या ऑब्जेक्टवरून ठरतं. तुम्ही पहिलं ॲड_डू_मेथड प्लगइनच्याच एखाद्या फंक्शनवर लावलंत, तर ती नोंद जागतिक इतिहासात पडते आणि सीनच्या टॅबवर न सेव्ह झाल्याची चांदणी येत नाही. रंगवलं, टॅब बंद केला, विचारलंसुद्धा नाही, काम गेलं. पहिला ऑब्जेक्ट लेअर ठेवा, किंवा क्रिएट_ॲक्शन ला संदर्भ म्हणून लेअर द्या.

ओव्हरलेचं: ती जागा पडद्याच्या पिक्सेलमध्ये मोजते, सीनच्या नाही. लेअरचं गेट_व्ह्यूपोर्ट_ट्रान्सफॉर्म गुणिले गेट_ग्लोबल_ट्रान्सफॉर्म, त्याने लेअरमधला बिंदू गुणला की ओव्हरलेवरची जागा मिळते. माउससाठी त्याचाच ॲफाइन_इन्व्हर्स, मग लोकल_टू_मॅप. स्वतः १६ ने भागू नका. जीडीस्क्रिप्टमध्ये पूर्णांकाचा भागाकार शून्याकडे झुकतो, उणे ५ भागिले १६ शून्यच येतं, म्हणजे उगमाच्या दोन्ही बाजूंची घरं एकाच घरात पडतात. आणि माउस हलला की अपडेट_ओव्हरलेज बोलवा, नाहीतर रेघ शिळी दिसते.

कंबर_तलाव

वरच्यात अक्ष आणि ४०९६ राहिलं.

अक्षासाठी पिक्सेल किंवा दशांश ठेवू नका. एकच पूर्णांक ठेवा, अर्ध्या घरांत मोजलेला. त्याला अ म्हणू. घर क्ष असेल तर समोरचं घर अ वजा क्ष. अ सम असेल तर अक्ष एका घराच्या पोटातून जातो, विषम असेल तर दोन घरांच्या मधून. अ = १५ घेतलं तर ७ समोर ८, ० समोर १५. अ = १४ घेतलं तर ६ समोर ८, आणि ७ स्वतःसमोर. तुमचा जाड पट्टा येतो तो बुट्टीचा कणा एकाच स्तंभाचा असताना अ विषम ठेवल्यामुळे. एक्सपोर्ट करताना हा आकडा उघडा ठेवा, एकेकाने वाढवला की अक्ष अर्धं घर सरकतो. रेघ काढायची जागा: अ मध्ये १ मिळवा, टाइलच्या रुंदीने गुणा, २ ने भागा. अ = १५ ला १२८ पिक्सेल, अ = १४ ला १२०. मॅप_टू_लोकल वापरत असाल तर ते घराचा मध्य देतं, कोपरा नाही. कित्येकांची रेघ अर्धं घर चुकते ती तिथेच.

१२८ घरांची नक्षी ० पासून सुरू होत असेल तर तुमचा अ १२७ येतो, विषम. मधला स्तंभ एकच हवा असेल तर नक्षी १२७ घरांची करावी लागेल आणि अ १२६. दोन्ही एकदम मिळत नाही.

४०९६ हे आडव्या उलटीचं चिन्ह आहे, ८१९२ उभ्या उलटीचं, १६३८४ आडवं-उभं अदलाबदलीचं. ते पर्यायी क्रमांकातले बिट आहेत. मिळवायचे नसतात, एक्सॉर करायचे असतात (बिट असेल तर काढायचा, नसेल तर लावायचा). मूळ टाइल तुम्ही एडिटरमध्ये सी दाबून आधीच आडवी उलटवलेली असली, तर तिच्यात ४०९६ आहेच. त्यात आणखी ४०९६ मिळवले की झाले ८१९२, म्हणजे उभी उलटी. डोक्यावर उभ्या टाइल त्याच. एक्सॉर केलं की ४०९६ चा शून्य होतो, म्हणजे उलटीची सुलटी, जे हवंय तेच. झेड किंवा एक्स ने फिरवलेल्या टाइललाही हेच चालतं, कारण अदलाबदल आधी होते, उलटी नंतर. चौथ्या कोपऱ्याला दोन्ही एक्सॉर.

घर स्वतःसमोर येत असेल तर एक्सॉर करू नका.

जेकार्ड_पत्ता

वरचं सगळं बरोबर आहे, पण मी यातलं निम्मं लिहिणारच नाही. आरशातली घरं रंगवायचीच कशाला?

सोलापुरात चादर जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी काढणाऱ्या मागावर, विणतात, आणि तुमची नक्षी मुळात ग्राफ कागदावरची. कागदाचं एक घर म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा जिथे भेटतात ती जागा. नक्षी आडवी सममित असेल तर तिचे पूर्ण रुंदीचे पत्ते कोणी पाडत नाही. हुकाला हार्नेसच्या (ताण्याचे धागे उचलणाऱ्या) दोऱ्या अशा बांधतात की एक हुक डावीकडचा एक आणि उजवीकडचा त्याच्या समोरचा, असे दोन्ही धागे उचलतो. पत्ते निम्म्याच रुंदीचे, दुसरी बाजू बांधणीतून निघते. मधल्या टोकाच्या हुकाला मात्र एकच धागा, कारण तिथे दोन बांधले तर दोन सारखे धागे शेजारी पडून मधोमध जाड रेघ उमटते. कंबर_तलाव यांचा सम-विषम अ तो हाच. लांबीतली सममिती हवी असेल तर पत्त्यांची साखळी उलटी फिरवायची.

गोडोतही तसंच करा. एक कोपरा हा पत्ता, बाकीचे तीन बांधणीतून. ६४ बाय ६४ चा मूळ टाइलमॅप लेअर, त्याला टूल लावलेली (एडिटरमध्येही चालणारी) एक स्क्रिप्ट. रेडी (नोड तयार होताच चालणारं फंक्शन) मध्ये ती टाइलमॅप लेअर चं न्यू करून एक पोर लेअर (त्याच्या पोटातला दुसरा लेअर) बनवते, त्याला आपलाच टाइलसेट देते आणि ॲड_चाइल्ड करते. मूळ लेअरच्या चेंज्ड सिग्नलला जोडते. सिग्नल आला की फक्त 'मळलंय' असा झेंडा उभारायचा आणि कॉल_डिफर्ड ने फ्रेमच्या शेवटी एकदाच पोर लेअर पुन्हा भरायचा: गेट_यूज्ड_सेल्स वर फिरायचं, प्रत्येक घराची तीन प्रतिबिंबं, अ वजा क्ष आणि एक्सॉर. तो सिग्नल एका फटकाऱ्यात खूप वेळा येतो, म्हणून झेंडा हवाच. सिग्नलमध्येच भरायला बसलात तर ब्रश अडखळेल.

यातला फायदा बघा. रंगकाम गोडोचा मूळ एडिटरच करतो. पेन्सिल, रेष, चौकोन, बादली, पॅटर्न, फाशाचं विखुरणं, टेरेन (शेजारची घरं बघून काठाची टाइल आपोआप निवडणारं), सगळी हत्यारं फुकटात आरशासकट. अनडू मूळ लेअरचं होतं, त्याने चेंज्ड येतो, पोर लेअर आपोआप मागे जातो. तुमची अनडूची तक्रार सुटत नाही, उरतच नाही. प्लगइन नाही, इनपुट नाही, ओव्हरले हवाच असेल तर फक्त रेघेपुरता.

पोर लेअरला ओनर (नोड कोणत्या सीनसोबत सेव्ह व्हायचा ते) देऊ नका. एरवी टूल स्क्रिप्टमधून नोड बनवताना 'ओनर दिला नाही म्हणून सेव्ह झालं नाही' ही ओरड असते, इथे तेच हवंय. फाइलमध्ये फक्त कोपरा जातो, बाकी गेम सुरू झाल्यावर रेडी मध्ये पुन्हा तयार होतं. ४.३ पासून टाइलमॅप लेअर दर घराला १२ बाइट लिहितो आणि टेक्स्ट सीनमध्ये ते बेस६४ (बाइट अक्षरांत लिहायची रीत) होऊन एका लांबच लांब ओळीत पडतात. पूर्ण १६,३८४ घरांचे १,९६,६०८ बाइट, बेस६४ मध्ये २,६२,१४४ अक्षरं. कोपऱ्याच्या ४,०९६ घरांची ६५,५३६. गिटमध्ये ती ओळ वाचता येत नाही ती नाहीच, पण दोघांनी एकाच वेळी बदललेली ओळ जोडताही येत नाही. एकच कोपरा असला की निदान कोणाचा ठेवायचा हे तरी पटकन ठरतं.

दोन खड्डे. पोर लेअर बनवायला डुप्लिकेट वापरू नका. डुप्लिकेट स्क्रिप्टसकट प्रत काढतो, प्रत स्वतःच्या रेडी मध्ये आपली प्रत काढते, तिची प्रत आणखी एक, आणि एडिटर तिथेच बसतो. सीन उघडला की पुन्हा तेच, म्हणून मग स्क्रिप्ट बाहेरच्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करावी लागते. दुसरा: भरताना चुकूनही मूळ लेअरमध्ये सेट_सेल करू नका, चेंज्ड पुन्हा येईल आणि चक्र थांबणार नाही.

शेंगा_चटणी

पत्तावाले, मान्य. माझ्या उत्तरापेक्षा हे बरं आहे. पण दोन जागी अडेल.

एक, टेरेन. मूळ लेअरला अक्षापलीकडे काही दिसत नाही, सगळी घरं रिकामी. त्यामुळे अक्षालगतच्या घरांना टेरेन काठाची टाइल देतो, आणि आरसा झाल्यावर मधोमध दोन काठ समोरासमोर उभे राहतात. चादर मधून फाडून शिवल्यासारखी. उपाय म्हणजे अक्षापलीकडे एक रांग जास्त रंगवायची, टेरेनला शेजारी दिसावा म्हणून, आणि प्रतिबिंब काढताना ती रांग वगळायची. टाइल अपारदर्शक असतील तर पोर लेअर वर येऊन ती रांग झाकतो. पारदर्शक असतील तर मूळ लेअरच्या सेल्फ मॉड्युलेटची पारदर्शकता शून्यावर आणा आणि चारही कोपरे पोर लेअरमध्येच काढा. मॉड्युलेट नव्हे, सेल्फ मॉड्युलेट. मॉड्युलेट पोरालाही लागतो, सगळंच गायब होईल. त्या वेळी मूळ लेअरचं कोलिजन (धडक ओळखणं) एनेबल्ड बंद करा, नाहीतर न दिसणाऱ्या जास्तीच्या रांगेला खेळाडू धडकेल.

दोन, सममिती मोडायची असेल तर? कोपऱ्यात नाव विणायचं, किंवा कोड्यासाठी मुद्दाम एक घर चुकीचं ठेवायचं. त्यासाठी तिसरा लेअर सगळ्यात वर ठेवा, हाताने रंगवायचा, सेव्ह होणारा. पोर लेअर भरताना त्या लेअरमध्ये जे घर भरलेलं आहे ते सोडून द्यायचं. वरून झाकलं तर पुरेल असं वाटतं, पण मग एकाच जागी दोन टाइलची कोलिजन राहते.

जे अजूनही प्लगइनच्या वाटेने जाणार असतील त्यांच्यासाठी: टेरेन आरशात रंगवायचा तर घराघराने सेट_सेल चालत नाही. दोन्ही बाजूंची घरं एकत्र करून सेट_सेल्स_टेरेन_कनेक्ट ला द्या. ते शेजारची घरंही बदलतं, म्हणून अनडूच्या शब्दकोशात भोवतीची आठही घरं आधी नोंदवा. गेट_सराउंडिंग_सेल्स वर विसंबू नका, चौकोनी टाइलला ते बाजूची चारच देतं. तिरकी चार निसटतात आणि अनडूनंतर कोपऱ्यांत उष्टं राहतं.

ताणाबाणा (सोलापूर)

पत्ता पद्धतीने केलं. बादलीसुद्धा चारी बाजूंनी भरायलीय, बघायला मजा येते. अ = १२६ केला, पट्टा गेला.

आता दोन भानगडी. सीन बंद करून उघडला की प्रतिबिंब दुप्पट गडद दिसतंय, पारदर्शक टाइलवर जास्तच. आणि इन्स्पेक्टरमध्ये अ बदलला तर काहीच होत नाही. सेटर (किंमत बदलली की चालणारं फंक्शन) लिहिला, तर सीन उघडतानाच लाल ओळ येते की पोर लेअर नल आहे.

जेकार्ड_पत्ता

दुप्पट गडद म्हणजे पोर लेअर दोन आहेत. आधी कधीतरी ओनर दिला असणार, तेव्हा एक पोर लेअर फाइलमध्ये सेव्ह झाला. आता तो फाइलमधून येतो आणि रेडी मध्ये दुसरा बनतो. सीन ट्रीमध्ये बघा की: ओनर नसलेला नोड तिथे दिसतच नाही, म्हणजे जो दिसतोय तो जुना. तो काढून सेव्ह करा.

सेटर: सीन उघडताना एक्सपोर्ट केलेल्या किमती रेडी च्या आधी बसवल्या जातात. त्या वेळी पोर लेअर जन्मलेलाच नसतो. सेटरमध्ये किंमत ठेवा, मग इज_नोड_रेडी खरं असेल तरच 'मळलंय' चा झेंडा उभारा. रेडी च्या शेवटी एकदा स्वतःहून भरून घ्या.

स्क्रिप्टमध्ये बदल केल्यावर सीन बंद करून पुन्हा उघडायची सवय लावा. टूल स्क्रिप्ट सेव्ह केली म्हणून उघड्या सीनमधल्या नोडचं रेडी पुन्हा चालत नाही. निम्म्या लोकांचं 'टूल चालत नाही' इथेच असतं.

कंबर_तलाव

भरण्याच्या वेगाबद्दल एक. ४,०९६ घरं गुणिले ३ म्हणजे दर वेळी १२,२८८ सेट_सेल. एका फटकाऱ्यात दर फ्रेमला एवढं केलं तर जुन्या लॅपटॉपवर ब्रश जड वाटेल. कॉल_डिफर्ड ऐवजी ०.१ सेकंदाचा टायमर ठेवा, प्रत्येक चेंज्ड ला तो पहिल्यापासून सुरू करा. हात थांबला की भरतं. त्यापेक्षा चांगलं हवं तर जुनी घरं एका शब्दकोशात जपून फक्त फरक पडलेली घरं लिहा. वाचणं स्वस्त पडतं, लेअरला नव्याने काढायला लावणं महाग.

आतापर्यंत पूर्ण क्लिअर करून भरत असाल तर फरकाच्या पद्धतीकडे वळताना पुसलेली घरं विसरू नका. गेट_यूज्ड_सेल्स मध्ये ती नसतात, म्हणून प्रतिबिंबात भुतासारखी उरतात.

भुईकोट_बिट

इंजिनात घालण्याचा प्रश्न राहिला तो.

वर जे झालं त्यावरून उत्तर अर्धं मिळालंच: पन्नास-साठ ओळींच्या स्क्रिप्टने भागतंय. गोडोची रीत अशी की आधी अडचण मांडायची, तोडगा नंतर. सुधारणेचा प्रस्ताव गिटहबवरच्या त्यांच्या प्रस्तावांच्या वेगळ्या रिपॉझिटरीत जातो, मुख्य रिपॉझिटरीत नाही. फॉर्ममध्ये सरळ विचारतात: हे थोड्या ओळींच्या स्क्रिप्टने करता येतं का, आणि हे ॲडऑन म्हणून का नको. आरसा-ब्रशला दोन्हींचं उत्तर तुमच्या विरुद्ध जातं. म्हणून हे ॲडऑन म्हणूनच द्या. ॲडऑन्स फोल्डरमध्ये आपला फोल्डर, त्यात प्लगइन डॉट सीएफजी, आत नाव, वर्णन, लेखक, आवृत्ती, स्क्रिप्ट या पाच ओळी. गोडो एमआयटी परवान्याखाली आहे, तुम्हीही तोच घ्या, लोकांना बिनधास्त वापरता येतं. टूलबारवर बटण टाकलंत तर एक्झिट_ट्री मध्ये ते काढून मोकळं करा. नाहीतर प्लगइन बंद-चालू केलं की दर वेळी एक बटण वाढतं.

इंजिनात मागण्यासारखं काही असेल तर ते लहान आहे. या धाग्यातच दिसतंय: दुसऱ्या प्लगइनला टाइलमॅप एडिटरकडे जाणारा इनपुट अडवता येत नाही. ही अडचण आरशापुरती नाही. टाइलवर स्वतःचा ब्रश बनवणारा प्रत्येक जण तिथे ठेचकाळतो आणि वेगळ्या नोडचा वळसा घेतो. असा प्रस्ताव लिहिताना आरशाचं उदाहरण द्या, मागणी आरशाची करू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नातलं 'डावी जाते, उजवी राहते' हे जसंच्या तसं लिहा, सोबत ते घडवून दाखवणारा छोटा प्रोजेक्ट झिप करून जोडा. चार नोड, एक लेअर, बस.

कोड वाचून बघायचा असेल तर मुख्य रिपॉझिटरीत टाइल_मॅप_लेअर_एडिटर ही सी++ फाइल शोधा. फोल्डर आवृत्तीगणिक हलले आहेत, म्हणून फाइलच्या नावानेच शोधा. स्वतः इंजिन बांधायचं तर पायथन, एसकॉन्स (बांधणीचं साधन) आणि सी++१७ समजणारा कंपायलर लागतो. लिनक्सवर एसकॉन्सला प्लॅटफॉर्म लिनक्सबीएसडी, टार्गेट एडिटर, डेव्ह_बिल्ड यस एवढं द्या. तयार झालेला एडिटर बिन फोल्डरमध्ये येतो. एससीयू_बिल्ड यस दिलं की फाइली गठ्ठ्याने कंपाइल होतात, पहिली बांधणी लवकर उरकते, पण मेमरी जास्त खाते. ८ जीबी रॅमचं मशीन असेल तर ते देऊ नका, आणि जे (एकदम किती कामं चालवायची तो पर्याय) ला २ किंवा ३ द्या. काही सांगितलं नाही तर तो जवळजवळ सगळे कोअर घेतो आणि लिंक करताना मशीन गपगार पडतं.

बदल पाठवताना मास्टर शाखेवर पाठवा, तुम्ही वापरता त्या ४.४ वर नाही. जुन्या आवृत्तीत न्यायचं की नाही ते तेच ठरवतात, आणि ते सहसा दोषदुरुस्तीच नेतात. प्री-कमिट (कमिटआधीची आपोआप तपासणी) बसवून घ्या, क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी नीट करणारा) त्यातच चालतो. कितीही कमिट केले असले तरी शेवटी एकात दाबा. नवं फंक्शन स्क्रिप्टला उघडं केलंत तर बांधलेला एडिटर डॉकटूल पर्यायाने चालवून क्लासच्या एक्सएमएल फाइली ताज्या करा आणि वर्णन हाताने लिहा. वर्णन रिकामं राहिलं तर तपासणारा पहिल्यांदा तेच बोट ठेवून दाखवतो.

ताणाबाणा (सोलापूर)

जुना पोर लेअर काढला, गडदपणा गेला. टायमरही लावला.

प्रस्तावासाठीच्या झिपमध्ये डॉट-गोडो फोल्डर ठेवायचा का काढायचा?

भुईकोट_बिट

काढा. त्यात इम्पोर्टची कॅशे वगैरे असते, उघडल्यावर पुन्हा बनते. टाइलचं चित्र आणि त्याच्या शेजारची डॉट-इम्पोर्ट फाइल मात्र राहू द्या. झिप काही केबीत बसेल.

आणि वरच्या लेअरवर नाव विणलेला सीन त्यात नको. आरशाचा दोष दाखवायचाय, तिथे मुद्दाम मोडलेली सममिती बघून समोरचा दोष भलतीकडेच शोधत बसेल.